माणक्याचं उजवं शिंग

टोक

कानिफनाथने शिंगाच्या टोकावर अंगठा दाबला आणि उन्हात धरून पाहिला. रक्त नव्हतं. म्हणजे धार अजून आली नव्हती. त्याने फुटक्या बाटलीची काच पुन्हा उचलली आणि माणक्याचं डावं शिंग खरवडायला घेतलं.

त्याच्या मुलाने, वाल्मिकने, एका हातात बैलाची वेसण धरली होती आणि दुसऱ्या हातात मोबाईल. शिंगाचा पांढरट भुसा खाली पडत होता. कोंबड्या धावत येत, दाणा समजून एकदा टोच मारत आणि निघून जात. कोंबडीला एकदा टोचून कळतं की यात खाण्यासारखं काही नाही. कानिफनाथ दर श्रावणात शिंगं साळत आला होता.

गावात आता बैलांच्या तीनच जोड्या उरल्या होत्या. बाकी घरांत ट्रॅक्टर होता, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. तरी पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, यावर गाव आषाढापासून बोलायला लागायचं. तिघांत पहिलं येणं हा मान होता आणि तो बापजाद्यांपासून कानिफनाथच्या घरात होता. सोनईच्या बाजारात, एस.टी.त, कुणाच्या मयतीला, कुठेही नाव सांगून झाल्यावर तो दुसरं वाक्य हेच बोलायचा. तिसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

"मामा, उजवं लई साळू नका," राजेश्वरी म्हणाली. ती वाल्मिकची बायको. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती मध्येच थांबली होती. "मुळाशी हात लावून बगा, किती गरम लागतंय. काल कोळपताना सारखा मान झटकत हुता. त्याच बाजूला."

"माशी बसली आसंल."

"माशी रोज त्याच कानामागं बसती व्हय?"

"तू कोळपं हाक. शिंगाचं आमी बगतो."

पिकातलं तण काढायचं कोळपं तीच हाकत होती. स्वतःच्या कपाशीत, तुरीत आणि बोलावील त्याच्या रानात. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही आणि वाल्मिकला ऊन सोसत नव्हतं. पोळा झाला की रब्बीसाठी कुळवाची पाळी, मग पाभरीने ज्वारीची पेरणी. घरातलं मीठ-मिरची माणक्या आणि पाखऱ्या या दोघांच्या खांद्यांवर होतं. शिंगांवर काही नव्हतं. शिंगांवर फक्त कानिफनाथ होता.

•

शिंग का असतं?

फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, या सगळ्या रवंथ करणाऱ्यांचे पूर्वज सशाएवढे होते आणि झुडपांत लपून राहत. त्यांना शिंग नव्हतं. लपणाऱ्याला शिंग अडकतं. मग झाडी विरळ झाली, गवत पसरलं, ते उघड्यावर आले, अंगाने वाढले, कळपाने राहू लागले. नर नराकडे बघू लागला. डोक्यावर आधी टेंगूळ, मग हाड, मग हाडावर नखाच्या जातीचं कवच. दोघे कपाळ भिडवत, शिंगात शिंग गुंतवून ढकलत. हरलेला निघून जाई, सहसा मरत नसे. पुष्कळदा नुसती मान तिरपी करून शिंग दाखवलं तरी निकाल लागे.

एवढी अक्कल तेव्हा होती. माणूस यायचा होता.

•

साल

काही दिवसांनी उजवं शिंग खाली कलल्यासारखं दिसू लागलं. ते आधी लंकाबाईने पाहिलं, कानिफनाथच्या बायकोने.

"अवो, ह्याचं शिंग तुमच्या तोंडावानी वाकडं चाललंय."

कानिफनाथने डोळा बारीक करून पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग राजेश्वरीवर ओरडला. तिनेच दावं शिंगाला बांधलं असणार, बैलाने हिसके दिले असणार, शिंग फिरलं असणार. ती वैरण टाकत होती. तिने वैरण टाकली आणि दुसरी पेंढी आणायला गेली.

गोऱ्ह्याचं शिंग कोवळं असताना वेडंवाकडं फुटलं, तर या भागात ते वळवून घेतात. मुळाशी कोमट तेल चोळायचं, दोन शिंगांच्या मध्ये काठी आडवी बांधायची, सुतळीचा पीळ रोज थोडा आवळायचा. कानिफनाथच्या बापाचा त्यात हात बसलेला होता. पण ते गोऱ्ह्याचं काम. माणक्याचे सगळे दात येऊन जमाना झाला होता. कानिफनाथने त्याच्याही शिंगांना काठी बांधली आणि पीळ दिला.

माणक्या हंबरला नाही. त्याने जीभ बाहेर काढली आणि पुढचे पाय थोडे फाकवले. खालच्या जबड्यावरून लाळेची तार जमिनीपर्यंत गेली. कानिफनाथने अजून अर्धा पीळ दिला.

"सरळ हुतंय बग," तो म्हणाला.

संध्याकाळी बन्सी आला. बन्सीकडे कुक्कुटपालनाची शेड होती, पिकअप होता, बैल नव्हता. पण यंदा त्याने काष्टीच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून जोडी आणली होती. विकत नव्हे, पोळ्यापुरती, भाड्याने. लग्नात मांडव आणतात तशी. तो दाराबाहेर उभा राहिला आणि माणक्याकडे बघत तंबाखू मळू लागला.

"काय कानिफनाथआण्णा, बैलाला अँटिना बसावली काय? च्यानल कंचं लागतंय?"

"भाड्याच्या बैलाला मान नस्तो, बन्सी."

"नसू द्या की. पर त्याला शिंगं दोन हायती. तुमच्याच आज्यानं ठरावलंय न्हवं, शिंग-शेपूट धड आसंल तीच जोडी म्होरं?"

"माझी धड हाय."

"हाय तर हाय. पोळ्याला गाव बगंलच." त्याने चुना झटकला. "न्हाईतर आसं करा, तुमीच जावा म्होरं, बैल ऱ्हाऊ द्या घरी."

वाल्मिक हसला. मग बापाने आपल्याकडे पाहिलं हे बघून मोबाईलकडे पाहून हसतोय असं दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी गव्हाणीत राजेश्वरीला कडब्याच्या पानावर रक्ताचे थेंब दिसले. ते माणक्याच्या उजव्या नाकपुडीतून पडत होते. तिने पदराच्या टोकाने नाकपुडी पुसली. पदराला रक्ताबरोबर घाण वास आला. तिने काठी सोडून फेकून दिली आणि डॉक्टरला फोन केला.

•

पोकळी

इमॅन्युएल डॉक्टर मोटारसायकलवर आला. त्याचं बहुतेक काम दुधाच्या गाईंचं. कालवडी लहान असतानाच त्यांच्या शिंगाच्या कोंभांना तो तापल्या लोखंडाचा चटका देई, म्हणजे शिंगच उगवत नाही. गोठ्यात जागा कमी लागते, गाई एकमेकींची कास फाडत नाहीत. कानिफनाथ त्याला 'भुंड्यांचा डॉक्टर' म्हणायचा. तोंडावर म्हणायचा. डॉक्टरला त्याचं काही नव्हतं. भुंड्यांवरच त्याचं घर झालं होतं.

त्याने बोटाच्या पेरांनी डावं शिंग ठोकलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. उजवं ठोकलं. आवाज आला नाही.

"भरलंय," तो म्हणाला. "शिंग आतून पोकळ असतं आण्णा. त्या पोकळीची वाट कपाळात जाते, तिथून नाकात. आत कॅन्सर झालाय. म्हणून नाकातून रक्त."

"कॅन्सर माणसाला हुतो."

"बैलाला शिंगात होतो. मुळापासून काढून टाकू. आज काढलं तर आतलं सगळं शिंगाबरोबर येईल. महिना-दीड महिन्यानं कामाला लागेल."

"म्हंजी एकशिंग्या करनार."

"जिवंत ठेवणार."

"पोळा झाल्यावर या."

"तोपर्यंत थांबायला नको. ते आत सरकतंय. एकदा कपाळात गेलं की मग माझ्या हातात काही नाही."

कानिफनाथने माणक्याच्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही बैलाशी त्याचं बोलणं झालेलं होतं. "आमच्या घरात आजवर एकशिंगी जोडी वेशीत गेली न्हाई."

"मी सांगायचं काम केलं," डॉक्टर म्हणाला आणि बॅग बंद करू लागला. आणखी बऱ्याच ठिकाणी त्याला जायचं होतं. दोनदा सांगायची त्याला सवय नव्हती.

"थांबा डॉक्टर," राजेश्वरी म्हणाली. "काढा तुमी. मी सांगते न्हवं."

"बैल पाडायला चार गडी लागतील, ताई."

ती वाल्मिककडे वळली. "दोर आना."

"आण्णांना इचार."

"आण्णा हितंच उभे हायती."

"मग इचार की."

ती शेजारच्या दोन घरांत गेली. समर्थ, गावच्या व्यायामशाळेत रोज वजनं उचलणारा पोरगा, ओट्यावर बसला होता. त्याच्या दंडाला गंडा बांधलेला होता. "वहिनी, मानाच्या बैलाला पोळ्याआदी हात लावायचा? उद्या गाव माझ्या नावानं शिमगा करंल." दुसऱ्या घरात पुरुष होते, पण बाईने ते नाहीत असं सांगितलं. आतून त्यांच्या खोकण्याचा आवाज आला.

ती परत आली तेव्हा डॉक्टरच्या मोटारसायकलची धूळ फाट्यापर्यंत गेली होती. कानिफनाथ हिंगूळ कालवत होता. शिंगं रंगवायचा लाल रंग. कुंचला जिभेने ओला करून तो टोकदार करत होता, त्यामुळे त्याचे ओठ लाल झाले होते.

•

खच्ची केलेल्या बैलाचं शिंग वळूच्या शिंगापेक्षा लांब वाढतं. वाढ कुठे थांबवायची, हे अंगाला सांगणारं जे असतं तेच ठेचलेलं असतं. त्याला गाय मिळवायची नसते. कुणाशी भिडायचं नसतं. वाघ कधीच संपलेला असतो. तरी शिंग वाढत राहतं, लांब, बाकदार, बिनकामाचं.

आणि नेमकं हेच शिंग माणसाला आवडतं. तो ते साळतो, रंगवतो, टोकांना पितळी शेंब्या बसवतो आणि त्याच्यामागून छाती काढून चालतो. त्याला त्यात घरचं काही ओळखीचं दिसत असावं.

•

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं. सासू-सुना चोळत होत्या. लंकाबाई पाखऱ्याला, राजेश्वरी माणक्याला. माणक्याचा उजवा डोळा आता पाण्याने भरलेला असायचा आणि तो मान एका बाजूला टाकून उभा राहायचा. राजेश्वरीचा हात कानाजवळ गेला की त्याच्या सगळ्या कातडीवरून थरथर जायची.

"आत्या, गाईला कशापायी शिंगं आसत्यात? तिला तर कुनाशी भांडायचं नस्तं."

"तिला वासरू आसतं. लांडगा येतो त्यो वासराकडं येतो. वळूकडं जायाला त्यो काय येडा हाय?"

"मग तवा वळू कुटं आसतो?"

"वळू?" लंकाबाईने तुपाचा हात पाखऱ्याच्या वशिंडाला पुसला. "मिरवत आसंल कुटंतरी."

दोघी हसल्या. आतून कानिफनाथने विचारलं, काय झालं.

"तुमी येकदा बोला त्यांना," राजेश्वरी म्हणाली. "परवा लागलीच शिंग काढू म्हनावं. लेखी द्या म्हनावं."

"जलम गेला बाई बोलन्यात. त्याला आयकू येत न्हाई. त्याला निस्तं दिसतं. ते बी आपलंच."

•

मूळ

पोळ्याला दुपार कलल्यावर कानिफनाथने जोडी बाहेर काढली. झुली, गोंडे, कपाळाला बाशिंगं. माणक्याचं बाशिंग त्याने मुद्दाम मोठं आणलं होतं आणि ते उजव्या अंगाला सरकवून बांधलं होतं. त्याच्याआड शिंगाच्या मुळाला सुताचे वेढे होते, वेढ्यांवर बेगड, बेगडावर हिंगूळ. समोरून पाहिलं तर शिंग सरळ होतं. बाजूने पाहायला बाजूला कुणी येऊ नये म्हणून त्याने स्वतः उजवीकडून चालायचं ठरवलं.

वेशीपाशी मंडळाच्या पोरांनी टेम्पोवर स्पीकर रचले होते. त्यांनी आवाज सोडला. माणक्याने मान वर फेकली.

हिरवी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो फक्त कानिफनाथने ऐकला. शिंग मुळातून सुटलं आणि कातडीवर लोंबलं. लोंबलं तेवढ्यात त्याने ते हाताने उचलून धरलं, होतं तसं, सरळ.

आणि तो चालू लागला.

लांबून वाटत होतं, म्हातारा बैलाच्या शिंगावर मायेने हात ठेवून चाललाय. तळहाताखालून रक्त येत होतं, मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत जात होतं, कोपरावरून टपकत होतं. वरून गुलाल पडत होता. गुलालात रक्त कुणाला दिसणार? माणक्याचे पाय अडखळत होते. त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते. कानिफनाथ दात दाखवत होता, ते हसणं होतं.

बायका मारुतीच्या ओट्यावर उभ्या होत्या. राजेश्वरीने सासऱ्याचं टपकतं कोपर पाहिलं. ती ओट्यावरून उतरली. गर्दीतल्या पुरुषांनी तिला वाट दिली नाही.

तोरणाखाली गुरव ताट घेऊन उभा होता. ताटात नारळ, शेला. पहिल्या जोडीच्या धन्याला शेला पांघरायचा, त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून नारळ घ्यायचा, मग तोरण तोडायचं. ही रीत.

"घ्या आण्णा. हात म्होरं करा."

कानिफनाथने उजवा हात पुढे केला.

"दोनी हात," गुरव म्हणाला. "मान एका हातानं घेत न्हाईत. बिडी हाय का ती?"

लोक हसले. मागून बन्सी ओरडला, "आण्णा, सोडा की बैलाला! काय पळून जातुय काय त्यो?"

कानिफनाथचा डावा हात हलला नाही. घाम त्याच्या भुवयांत साचला. समोर नारळ होता, ज्याच्यासाठी तो वर्षभर जगायचा. हात काढला तर नारळ मिळत होता आणि शिंग पडत होतं. हात ठेवला तर शिंग राहत होतं आणि नारळ जात होता. माणक्या काही या हिशोबात नव्हता.

"बन्सीला द्या," तो म्हणाला.

स्पीकर कुणीतरी बंद केला. "काय म्हनले?"

"बन्सीला द्या म्हनलं. यंदा त्याची जोडी जाऊ द्या म्होरं. लई वर्सं आमी मिरावलं."

मग टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. सरपंच म्हणाला, याला म्हणायचं मन. बन्सीने नारळ घेतला, पण सारखा कानिफनाथकडे संशयाने पाहत होता, फसवणूक कुठे आहे ते त्याला सापडत नव्हतं. भाड्याचे बैल तोरणाखालून पहिले गेले. शेपट्यांखाली व्यापाऱ्याने रंगाने लिहिलेला नंबर तसाच होता.

राजेश्वरी कशीबशी पुढे पोहोचली. "सोडा मामा. मोडलंय ते. घरी न्या त्याला."

"गप," कानिफनाथ दातांतून म्हणाला. "चालू दे."

आणि तो चालत राहिला, वेशीतून, चावडीवरून, मारुतीला वळसा घालून, शिंग धरून.

•

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीने कुणाला विचारलं नाही. डॉक्टर आला. पोळा झाला होता, त्यामुळे आता गडीही आले, समर्थ सगळ्यात आधी. गव्हाच्या काडाच्या अंथरुणावर माणक्याला दोरांनी पाडलं. पाडायला जोर लागला नाही. डॉक्टरने मुळाशी भुलीची सुई टोचली आणि तारेची करवत काढली.

"डोकं घट्ट धरायला कुणीतरी बसा. शिंगापाशी."

वाल्मिकला फोन आला, किंवा त्याने तो आणवला. राजेश्वरी सासऱ्याकडे वळली.

"बसा मामा. तुमाला सराव झालाय."

गडी खाली बघू लागले. कानिफनाथ बसला.

करवत चालली तसा जळक्या केसांचा वास सुटला. शिंग लगेच निघालं. आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखं मांस होतं, पिवळं, नासलेलं. लंकाबाईने पदर नाकाला लावला पण ती जागची हलली नाही. डॉक्टरने हातमोज्यातलं बोट भोकात घातलं. बोट गेलं, आणखी गेलं, डोळ्याच्या दिशेने वळलं. मग त्याने ते बाहेर काढलं आणि बादलीत हात धुवायला लागला.

"काय झालं?" राजेश्वरीने विचारलं.

"कपाळात उतरलंय. डोळ्यामागं."

"मग ते बी काढा की."

"ते निघत नाही, ताई. त्या दिवशी आलो तेव्हा शिंगातच असावं." त्याने हात झटकले. "दिवाळी बघेल, न बघेल. मानेवर जू ठेवू नका. चारा मऊ द्या."

राजेश्वरी माणक्याच्या मानेजवळ उकिडवी बसली. खांद्यावर परवाची हळद अजून होती. तिने तिथे हात ठेवला. कातडी थरथरली नाही, भूल उतरलेली नव्हती.

डॉक्टरने पट्टी बांधली. गडी दोर सोडून, हात धुऊन, चहा नको म्हणून गेले. कानिफनाथ अजून तिथेच बसला होता, दोन्ही हात बैलाच्या डोक्यावर, जिथे शिंग होतं तिथे.

"राजेसरी."

"काय?"

"काल, वेशीपाशी. लोकांला दिसलं का?"

"काय दिसलं का?"

"वाकडं."

ती उठली. खुंटीवरचं दावं काढून तिने पाखऱ्याच्या गळ्यात घातलं. कपाशी तणाने भरत आली होती, एका बैलाचं कोळपं कुणाकडून तरी मागून आणावं लागणार होतं.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "लई सरळ दिसत हुतं."

कानिफनाथने सुटकेचा श्वास सोडला आणि मिशीवर उडालेलं रक्त पुसलं.